वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातली पुस्तकं

प्रश्न : ताई, आमच्या गुहागरला पाऊस लागला की लाईट जाते नि मोबाईलला रेंज नसते, म्हणून यंदा तीन पुस्तकं सलग वाचली. पेंडशांचं 'रथचक्र', आरती प्रभूंचा कवितासंग्रह 'नक्षत्रांचे देणे' आणि गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पहिलं वाचून तर मी रडलेच, नवरा संन्यासी होऊन गेलाय आणि ती बाई पोरांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाचं घर सोडून निघते, माझ्या आजीचंच आयुष्य वाटलं. कविता मात्र निम्म्या डोक्यावरून गेल्या. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : अजिबात नाही गं. 'रथचक्र' 1962 चं, साहित्य अकादमी मिळालेलं, पण तुला त्यात आजी दिसली हे मला जास्त मोलाचं वाटतं. कविता कादंबरीसारख्या सलग वाचू नकोस, रोज एकच, मोठ्याने, पडवीत बसून वाच, अर्थ नंतर येतो, आधी नाद येऊ दे. आरती प्रभू हे टोपणनाव, हे कवी म्हणजेच आपले चिं. त्र्यं. खानोलकर, तळकोकणातले, तेव्हा तो पाऊस तुझ्या ओळखीचाच आहे. गोडसे भटजींबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस! पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, कर्ज फेडायला उत्तरेत गेला नि 1857 च्या बंडात अडकला, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, आणि एवढं होऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी आणली. ते कावडीचं पान परत काढून वाच, मग मला लिही.