कोर्टाची पायरी चढायलाच हवी

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचे चार पानी पत्र माझ्यापुढे आहे. रीतसर कार्ड काढून आणि परवाने घेऊन विकत घेतलेली दोन पिस्तुले आणि एक शॉटगन त्यांच्याकडे आहे. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज केलेला आहे आणि मार्चपासून नोकरी नाही. घरात वादावादी झाली, रागाच्या भरात त्यांच्या तोंडून "सगळंच संपवून टाकतो" असे शब्द गेले, आणि २३ वर्षांच्या मुलाने "बाबा, परत असं बोललात तर मी पोलिसांना सांगेन" असे सुनावले. ते लिहितात : "पोटच्या पोराने एक कागद दिला की माझे म्हणणे न ऐकताच माझ्या बंदुका घेऊन जाणार. हा कुठला न्याय? मी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेलो नाही आणि चढणारही नाही. नेणार असतील तर नेऊ देत."

या उताऱ्याच्या पहिल्या निम्म्याशी माझी सहानुभूती आहे. दुसऱ्या निम्म्याबद्दल मात्र मी तुम्हाला रागावणार आहे.

तुमची तक्रार निराधार नाही. ज्याच्यापासून धोका वाटतो त्याच्या बंदुका कोर्टाच्या आदेशाने काढून घेण्याचा, रेड फ्लॅग म्हणून ओळखला जाणारा हा कायदा न्यू जर्सीत २०१८ साली मंजूर झाला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. घरातले किंवा पूर्वी त्याच घरात राहिलेले माणूस किंवा पोलीस अर्ज करू शकतात, आणि न्यायाधीशांना तातडीचा धोका दिसला तर तात्पुरता आदेश समोरच्याला न बोलावताच निघतो. फ्लोरिडात २०१८ च्या पार्कलँड शाळेतील गोळीबारानंतर असा कायदा आला, पण तिथे अर्ज फक्त पोलीस करू शकतात. आपल्या न्यू जर्सीत मुलगाही करू शकतो, हे तुम्हाला बोचते आणि ते मी समजू शकते. तरीही मी या कायद्याच्या बाजूची आहे. हाताशी बंदूक असलेल्या संतापलेल्या माणसाला आधी नोटीस पाठवायची आणि आठवड्याने विचारायला जायचे, तर मधल्या आठवड्याची जबाबदारी कोण घेणार? कनेक्टिकटने १९९९ मध्ये देशातला असा पहिला कायदा केला, तोही आदल्या वर्षी एका कर्मचाऱ्याने लॉटरीच्या मुख्यालयात सहकाऱ्यांना गोळ्या घातल्यानंतरच.

मात्र तात्पुरता आदेश म्हणजे निकाल नव्हे. साधारण दहा दिवसांच्या आत सुनावणी ठेवावी लागते, आणि तुमच्यापासून धोका आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असते. तुमचे म्हणणे ऐकण्याची जागा हीच, आणि नेमके तिथेच जाणार नाही म्हणता! समन्स मिळूनही तुम्ही गैरहजर राहिलात तर न्यायाधीशांसमोर एकाच बाजूचे कागद असतील. कोलोरॅडोत असा आदेश ३६४ दिवसांचा असतो. न्यू जर्सीच्या अंतिम आदेशाला शेवटची तारीखच नसते. तो रद्द करण्यासाठी पुढे केव्हाही अर्ज करता येतो, पण तेव्हा आपल्यापासून धोका नाही हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. आज जे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर आहे, ते घरी बसून स्वतःच्या डोक्यावर घेण्यात कसली आली आहे प्रतिष्ठा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण सारेच ऐकत मोठे झालो आणि पासपोर्टाबरोबर इकडे घेऊन आलो. माझे थोरले काका तर ते पाळणारे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेताच्या बांधावरून शेजाऱ्याने दावा लावला, तेव्हा काकांनी समन्स देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवून दिले आणि तारखेच्या दिवशी मुद्दाम पाहुण्यांकडे निघून गेले. निकाल एकतर्फी लागला. बांध आमचाच होता, त्याचे कागदही घरात होते. पण तो हुकूमनामा रद्द करून घेण्यात माझ्या वडिलांची उमेद आणि पैसा दोन्ही खर्ची पडले. म्हणून आमच्या घरात तारीख चुकवणाऱ्याचे कौतुक होत नाही, आणि तुमचेही मी करणार नाही.

याच काकांकडे परवान्याची बारा बोराची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. काका कुरकुरत जात, पण पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिला आहे ना, हे हवालदाराकडून दोनदा वाचून घेतल्याशिवाय ठाण्यातून हलत नसत. निवडणूक संपली की पावती दाखवून बंदूक घरी. ही त्यांची सवय तुम्ही जरूर उचला.

उद्या खरोखरच आदेश घेऊन पोलीस दारात आले तर हातात शस्त्र घेऊन दार उघडू नका. मेरीलँडमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिथला कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला असताना, भल्या पहाटे असा आदेश बजावायला गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एक गृहस्थ मारले गेले. त्यांनी पिस्तूल हातात घेऊनच दार उघडले होते. तुम्ही दोन्ही हात दिसतील असे उभे राहा, शस्त्रे कुठे आहेत ते तोंडी सांगा, स्वतः काढून द्यायला जाऊ नका, आणि प्रत्येक शस्त्राच्या नंबरासह पावती मागा. आदेशाचा कागद मागणे हा तुमचा हक्क आहे. केवळ काळजीपोटी आलो असे सांगून, वॉरंटाशिवाय घरात शिरून पोलिसांना बंदुका उचलता येणार नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका प्रकरणात एकमताने सांगितले आहे.

मग आदेशावरची सुनावणीची तारीख फ्रिजवर लावा आणि त्याच दिवशी वकील शोधा. कोलोरॅडोत कोर्ट वकील देते. इथे तसे गृहीत धरू नका. बंदुका कुलपात ठेवता त्या तिजोरीचे फोटो, मित्राची किंवा जुन्या सहकाऱ्याची साक्ष आणि डॉक्टरांकडे गेला असाल तर त्यांचे पत्र बरोबर न्या. न्यायाधीशांनी "ते शब्द का बोललात?" असे विचारले तर मुलाच्या संगोपनावर भाषण देऊ नका, विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्या.

आता त्या शब्दांविषयी. "तसे काही मनात नव्हते" असे लिहिता, आणि पुढच्याच ओळीत रात्ररात्र झोप लागत नसल्याचेही लिहिता. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणून मुलगा घाबरला तर त्यात नवल नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, मन फार काळवंडले तर रात्री-अपरात्री ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा, आणि तोवर शस्त्रे घराबाहेर ठेवण्याची सोय परवानाधारक विक्रेत्याकडे आहे का ते विचारा. उपचार घेतले एवढ्यावरून आदेश निघत नाही. आधी वागण्याबोलण्यात धोका दिसावा लागतो.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. हा आदेश म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, पण आदेश मोडणे हा गुन्हा आहे, आणि शस्त्रासंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्ड धोक्यात येते. नागरिकत्वाच्या अर्जाचे इमिग्रेशन वकिलाला विचारा. शेजारी स्वतः अर्ज करू शकत नाहीत, मात्र पोलिसांना कळवू शकतात. दिवाळीला व्हिजिटर व्हिसावर आलेल्या भावाला तुम्ही हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेलेत, ते पुन्हा करू नका; शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद नसेल तर त्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घेण्याचीही केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आणि पेनसिल्व्हेनियात असा कायदा नाही म्हणून तिथल्या मित्राकडे पिस्तुले नेऊन ठेवण्याचा तुमचा बेत तर मुळीच नको : एका राज्यातल्या खासगी माणसाने दुसऱ्या राज्यातल्या खासगी माणसाला परस्पर पिस्तूल देता येत नाही, ते परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावे लागते.