देव सिद्ध करायचे युक्तिवाद निगमनाचे की विगमनाचे, आणि भक्कम कोणते?

प्रश्न वाचला आणि दाजी आठवले. (निगमन म्हणजे आधीची विधानं मान्य केली की निष्कर्ष टळतच नाही; विगमन म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून काढलेला, बहुधा खरा निष्कर्ष.) गौरीजेवणाचा दिवस, पानं वाढलेली. दाजींनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "हा आपोआप झाला का? नाही ना? मग एवढं विश्व आपोआप होईल? गणितासारखं सिद्ध आहे!" दाजी इंजिनिअर, त्यांच्या 'सिद्ध'पुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी तर्कशास्त्र घेऊन बी. ए. केलेलं, त्याला ते अजून टाइमपास म्हणतात.

म्हटलं, "कुंभाराला चाकावर माती चढवताना पाहिलंय, म्हणून माठ दिसला की कुंभार आठवतो. विश्वं बनताना तुम्ही किती पाहिलीत?" (हे मुळात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं, १७७९ साली त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकातलं. तेव्हा मी ते सांगितलं नाही, आयतं श्रेय घेतलं.) दाजी पोळी अर्धी टाकून उठले. ताई दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

आता मुद्द्याचं. माठही दाजींचा नव्हे. हजारेक वर्षांपूर्वी न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हेच मांडलंय: पृथ्वी, अंकुर वगैरे कार्यं, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू आहेत, म्हणून त्यांना कर्ता आहे, घटासारखा. मांडणी पक्की निगमनाची. पण 'जे जे कार्य, त्याला कर्ता' ही व्याप्ती, म्हणजे सरसकट नियम, आणली कुठून? घट-पट (माठ, कापड) बघून बघूनच ना? म्हणजे पाया विगमनाचा. रानातल्या गवताला कर्ता कुठे दिसतो, असं विचारलं की नैयायिक (न्यायदर्शनवाले) म्हणणार, वाद त्याच गवताचा चाललाय, तेच उलट उदाहरण म्हणून कसं चालेल? उत्तर चलाख आहे, मला पटत नाही. चार्वाकांनी तर व्याप्तीवरच बोट ठेवलं: सगळी कार्यं पाहिली कोणी?

(न्यायात 'निगमन' हे अनुमानाच्या पाचव्या अवयवाचंही (पायरीचंही) नाव आहे. परीक्षेत घोळ करू नका.)

निव्वळ निगमन हवं असेल तर अकराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित अॅन्सेल्म. ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो देव; तो फक्त मनात असेल तर त्याहून मोठा, खरोखर असलेला, कल्पिता येईल; म्हणून तो आहेच. इथे माठ नाही, कुंभार नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८१ मध्ये सांगितलं की खऱ्या शंभर टॅलरमध्ये (तेव्हाचं जर्मन नाणं) कल्पनेतल्या शंभरापेक्षा एकही नाणं जास्त नसतं, 'असणं' हा वस्तूचा आणखी एक गुण नव्हे. माझ्या मते तिथेच तो युक्तिवाद संपला. व्याख्येत जे भरलं तेच बाहेर काढायचं, याला मी सिद्धता म्हणत नाही.

एक कबूल करतो. त्या दिवशी रागात मी "विगमन म्हणजे फुकट" असंही म्हणालो होतो. ते चूक. डॉक्टरची गोळी आपण विगमनाच्याच भरवशावर गिळतो. फक्त नवा पुरावा आला की त्याचं वजन बदलतं. इंग्लिश धर्मोपदेशक पेलीने १८०२ मध्ये घड्याळावरून घड्याळजी, तसा सजीवांवरून कर्ता काढला, १८५९ मध्ये डार्विनने डोळ्या-पंखांची रचना घडवणाऱ्याशिवाय समजावली. आणि मी नास्तिकही नाही, आरतीला झांज माझ्याच हातात असते.

तेव्हा कोणी 'सिद्ध' म्हणालं की पहिलं विधान कुठून आणलं ते विचारा, शक्यतो जेवणं झाल्यावर. दाजींनी 'सिद्ध'च्या जागी 'बहुधा' म्हणावं एवढंच माझं म्हणणं होतं. अजून म्हटलेलं नाही.