जागतिकीकरणामुळे राष्ट्र-राज्यांची, म्हणजे सार्वभौम देशांची, सत्ता खरोखर कमकुवत होते का?

14 सप्टेंबर 2020 च्या संध्याकाळपर्यंत मीही या प्रश्नाला बेधडक 'होय' म्हटले असते. आम्ही निफाड तालुक्यातले. वडिलांनी आयुष्यभर लासलगावच्या लिलावात कांदा विकला आणि मी बारा वर्षांपासून तोच कांदा मलेशियाला पाठवतो. त्या सोमवारी प्रत्येकी साधारण 28 टन उन्हाळी कांदा भरलेले माझे दोन कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर होते. एक कसारा घाट उतरला होता आणि दुसरा बंदराबाहेरच्या रांगेत उभा होता. मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदराच्या व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम पाठवली होती, जहाजात जागा राखून ठेवली होती, भाव डॉलरमध्ये ठरला होता. रात्री कस्टमची कागदपत्रे पाहणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला की कांद्याची निर्यात तत्काळ प्रभावाने बंद झाली आहे. आधी झालेल्या सौद्यांना एरवी मिळणारी सवलतही या वेळी मिळणार नाही, हे अधिसूचनेतच लिहिलेले होते. चार दिवसांनी, कस्टमची अंतिम परवानगी आधीच मिळालेला माल तेवढा सोडण्यात आला. माझ्या मालाची कागदपत्रे त्या टप्प्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

कंटेनर परत आणून खळ्यावर उघडले, तेव्हा हमालांनी तोंडाला रुमाल बांधले होते. वरच्या थरातला कांदा चकचकीत दिसत होता, पण मधल्या जाळीच्या गोण्यांना पाणी सुटले होते आणि हात घातला की बोटे आत रुतत होती. निवडून जो उरला तो मिळेल त्या भावाने स्थानिक बाजारात गेला. माझा ग्राहक पाकिस्तानच्या कांद्याकडे वळला, आणि बंदी 1 जानेवारी 2021 ला उठल्यावरही तो पूर्वीसारखा परतला नाही.

माझे मेहुणे पुण्यात राज्यशास्त्र शिकवतात आणि राष्ट्र-राज्य आता नावापुरतेच उरले आहे, असे दर दिवाळीला आम्हाला समजावतात. त्यांची उदाहरणे खोटी नाहीत. 1991 मध्ये परकीय चलन संपत आले तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने तारण म्हणून देशाबाहेर पाठवावे लागले. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्धचा वाद हरल्यावर 1 एप्रिल 2001 पासून शेवटच्या 715 वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक (किती माल आणता येईल याचे) निर्बंध उठवावे लागले. परंतु ते ज्या नियमांचा हवाला देतात, त्याच गॅट या जागतिक व्यापार कराराच्या अकराव्या कलमात आयात-निर्यातीवरील निर्बंधांना सर्वसाधारण मनाई असतानाच, अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी निर्यात तात्पुरती रोखण्याची मुभा देशांना दिलेली आहे. म्हणजे सावकारापुढे नमणारे सरकार शेतकऱ्यापुढे ताठ उभे राहू शकते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत सुखाने बसतात. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात निर्यात करायची नाही), डिसेंबरमध्ये पुन्हा संपूर्ण बंदी, आणि ती उठायला मे 2024 उजाडला. या नऊ महिन्यांत आमच्या बाजारात तरी कोणाला सरकार दुबळे वाटले नाही. 2019 मध्ये भारताने अशीच बंदी घातल्यानंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत भर सभेत सांगितले होते की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस असे बजावले आहे. त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण कांद्याच्या एका अधिसूचनेची झळ शेजारच्या देशाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती.

हे सारे मी मोठी देशांतर्गत बाजारपेठ असलेल्या देशाविषयी लिहितो आहे, हे मान्य करायला हवे. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवून नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी पत्कराव्या लागलेल्या श्रीलंकेतल्या माणसाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. शहरात कांदा महागला की सरकारवर दबाव येतो, हेही मला कळते. फक्त त्या दबावाची किंमत दर वेळी आमच्याच चाळीतून, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडमधून, का वसूल होते, हे कळत नाही.

आपण परीक्षेसाठी विचारत असाल, तर पेपर कोण तपासणार आहे ते आधी पाहा. माझे मेहुणे असतील तर 'होय' लिहा आणि कांद्याचे उदाहरण टाळा. 2020 च्या दिवाळीत मी ते त्यांना सविस्तर ऐकवले, तेव्हा हा राज्यशास्त्राचा नव्हे तर व्यापाराचा विषय आहे असे ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी पुण्यात कांदा परवडेनासा झाला आहे म्हणून माझ्या चाळीतून दहा किलो घेऊन गेले.