दोन दिवसांचा अबोला

प्रश्न : मुलगा साडेअकरा वर्षांचा, सहावीत आहे. टेनिसमध्ये फार गुणी. परवा बारा वर्षांखालच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत हातातली मॅच घालवली. त्याला किंमत कळावी म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. सातवीपासून शाळा सोडवून मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायला लावू का? फ्रान्सचा टेनिसपटू रिशार गास्केसारखा नुसता गुणी म्हणवून घेत वाया जायला नको.
– एक पालक, नाशिक

उत्तर : शाळेचं नंतर बघू. ‘दोन दिवस बोललो नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. या अबोल्यातून मुलाला मॅचची किंमत कळत नाही. हरलो की बाबा तुटतात, एवढंच कळतं. पुढच्या वेळी सेट पॉइंटला त्याचं लक्ष चेंडूवर नसेल, जाळीबाहेर उभ्या असलेल्या तुमच्या चेहऱ्यावर असेल. मग हात आखडणारच. तो हरल्यावर रडला का, जेवला का, काय म्हणाला, यातलं तुमच्या पत्रात काहीच नाही.

आता गास्के. फ्रान्समधल्या बेझिए गावचा हा मुलगा. आईवडील दोघंही टेनिस शिकवणारे. १९९६ मध्ये, तो नऊ वर्षांचा असताना, एका फ्रेंच टेनिस मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापून विचारलं, की फ्रान्स ज्याची वाट पाहतोय तो विजेता हाच का? प्रश्न मोठ्यांचा, आणि उत्तर त्या पोराने जन्मभर द्यायचं! मला याची चीड येते.

आणि वाया गेला म्हणजे काय? जागतिक क्रमवारीत सातवा. २००५ मध्ये माँटे कार्लोच्या स्पर्धेत अव्वल क्रमांकावरच्या फेडररला हरवलं. एकेरीची १६ विजेतेपदं, त्यातलं २००७ चं एक आपल्या मुंबईतलं. विम्बल्डनची उपांत्य फेरी दोनदा, लंडन ऑलिंपिकमध्ये दुहेरीचं कांस्य, फ्रान्सच्या संघातून २०१७ चा डेव्हिस कप. एका हाताचा तो बॅकहँड बघायला लोक यायचे. २०२५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये इटलीच्या सिनरकडून हरून त्याने रॅकेट ठेवली, तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून त्याला निरोप दिला. ग्रँड स्लॅमची एकेरी नाही जिंकला, खरं आहे. पण असं वाया जाणं कुणाच्याही मुलाच्या वाट्याला यावं, असं मी मनापासून म्हणेन.

बाराव्या वर्षी जो पुढे तोच शेवटपर्यंत पुढे, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या तार्बच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत गास्केने एका स्पॅनिश मुलाला हरवलं. तो मुलगा राफाएल नदाल. पुढे व्यावसायिक टेनिसच्या मोठ्या स्पर्धांमध्ये दोघे १८ वेळा भिडले आणि अठराही वेळा नदाल जिंकला. त्या वयात उंची, ताकद, मन सगळंच अर्धवट असतं. परवाच्या उपांत्य फेरीवरून तुमच्या मुलाचं भविष्य मला वाचता येत नाही, तुम्हालाही येणार नाही.

चौदा वर्षांखालचा गट, राष्ट्रीय क्रमवारी, पुढे क्रीडा कोटा हा रस्ता तुमच्या प्रशिक्षकांना माहीत आहे. तो सातवीची शाळा सांभाळून चालता येतो, म्हणून दाखला काढू नका. पुढच्या दोन स्पर्धांना त्याला आईबरोबर पाठवा, तुम्ही घरी थांबा. तो परत आला की स्कोअर विचारू नका, जेवायला वाढा. आणि आज संध्याकाळी त्या दोन दिवसांबद्दल त्याची माफी मागा.