अबोली एकेक करून वाळतेय? औषध आणायच्या आधी एक झाड उपटून बघा

नमस्कार. वेंगुर्ल्याकडच्या एका ताईंनी विचारलंय की दारातल्या वाफ्यात साठेक अबोली लावलीयेत, पहिलं वर्ष वळेसर करून विकण्याइतकी फुलं आली, आता पानं पिवळी-गुलाबीसर पडून एकेक झाड वाळतंय, दुकानदाराने दिलेलं बुरशीनाशक दोनदा फवारलं तरी फरक नाही.

ताई, फवारून फरक पडणारच नाही कारण दुखणं पानात नाही, मुळात आहे. पूर्ण वाळलेलं नको, नुकतंच मलूल झालेलं एक झाड हळूच उपटा आणि मुळं धुवून बघा. गाठी दिसल्या किंवा तपकिरी चट्टे पडून बारीक मुळं झडलेली दिसली तर सूत्रकृमी (मातीतले, डोळ्याला न दिसणारे, मुळं खाणारे बारीक कृमी) समजायचे, आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते, दोघं बहुतेक जोडीनेच येतात. म्हणून मेलेल्या झाडाच्या खड्ड्यात लगेच नवीन रोप लावू नका, ही चूक जवळपास सगळेच करतात. रोगट झाड मुळासकट काढून जाळा, कंपोस्टात टाकू नका. त्या जागेत एक हंगाम झेंडू घ्या, नंतर ती झेंडूची झाडं उपटून तिथेच गाडा. उरलेल्या झाडांना मूठमूठ निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) मिसळलेलं कुजकं शेणखत बुंध्याभोवती द्या. आणि ट्रायकोडर्मा दिल्यावर आठवड्याभरात वरून कॉपरच्या बुरशीनाशकाचं पाणी ओतायचं नाही हं, पैसे देऊन आणलेली चांगली बुरशी आपणच मारतो मग. पुढच्या वेळी वाफा उंच करा, आपल्याकडच्या पावसात पाणी तुंबलं की अबोली गेलीच.

सातारकडच्या एका दादांचा फोटो आलाय, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. दादा, हा रोग नाही, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही त्याचा प्रकार आहे. हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) लिटरला 5 ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा, पंधरा दिवसांनी परत एकदा. (कोकणातल्यांनी हे बघून फवारत सुटू नका, आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर आहे.)

तिसरा प्रश्न, गर्द केशरी ‘दिल्ली’ जातीला बी का धरत नाही. ती त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली) जात आहे, तिला बी धरतच नाही, शेंड्याच्या चार बोटं लांब काड्या सावलीत वाळूमध्ये लावा, महिन्याभरात मुळं फुटतात. साध्या अबोलीला मात्र बी भरपूर, फक्त कणसं तपकिरी झाली की कोरडी असतानाच काढायची, कारण पाणी लागलं की बोंड फट्कन फुटून बी लांब उडतं, लहानपणी आम्ही थुंकी लावून फोडायचो तेच. फुलं संपलेली कणसं बियांसाठी नको असतील तर खुडून टाका, नवीन फूट लवकर येते.

ताई, मुळांचा फोटो उजेडात काढून पाठवा, गाठी आहेत की चट्टे ते बघून पुढचं सांगतो.