गोळी पोटात गेल्यावर : स्टिरॉइड संप्रेरकांविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मी माला-डी घेते. आता टीबीची औषधं सुरू झाली आहेत. दोन्ही चालू ठेवू ना?

उत्तर : टीबीची औषधं एक दिवसही चुकवू नका, पण माला-डीच्या भरवशावर राहू नका. त्या गर्भनिरोधक गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल (इस्ट्राडिऑल या स्त्रीसंप्रेरकाचं कृत्रिम रूप) आणि प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं संप्रेरक असतं. अंगातलं मूळ इस्ट्राडिऑल तोंडाने दिलं, तर आतडं आणि यकृत त्याचा जवळपास फडशा पाडतात. म्हणून १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत त्याला इथिनिल गट (अणूंचा एक छोटा तुकडा) जोडला गेला. ते टिकू लागलं, तरी रक्तात निम्म्याहून कमीच पोचतं. त्याला मोडणारं मुख्य विकर (एन्झाइम) म्हणजे सीवायपी३ए४. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत हे विकर जास्त तयार करतं. मग गोळीतली दोन्ही संप्रेरकं लवकर मोडतात आणि रोज गोळी घेऊनही दिवस जाऊ शकतात. रिफाम्पिसिन थांबल्यावरही हा परिणाम ओसरायला सुमारे ४ आठवडे लागतात. तोवर तांबी किंवा अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. हे उपचारांच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक बाईला सांगितलं गेलं पाहिजे.

प्रश्न : गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून नॉरएथिस्टेरॉन घेते. ते तर नुसतं प्रोजेस्टेरॉनसारखं, मग धोका कसला?

उत्तर : शरीर त्याचा थोडा भाग इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतं. ५ मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा घेतलं, तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे गर्भनिरोधक गोळीइतकंच. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, तर ही गोळी टाळा. केमिस्टकडून परस्पर आणू नका. पाळीत गौरी बसवल्याने काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दम्यासाठी बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप आहे. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल दिलंय. चालेल?

उत्तर : पंपातलं जे औषध गिळलं जातं, त्यातलं सुमारे ९० टक्के यकृत पहिल्या फेरीतच निकामी करतं, तेही वर सांगितलेल्या सीवायपी३ए४ विकरानेच. इट्राकोनॅझोल ते विकर अडवतं. स्टिरॉइड अंगात साठून चेहरा सुजू शकतो, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, स्वतः स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी) मंदावू शकते. पंप स्वतःहून बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, नायट्यासाठी दुसरं औषध मिळू शकतं.

प्रश्न : प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड काही तासांत रक्तातून उतरतं, मग दिवसातून एकदाच कसं पुरतं?

उत्तर : ते पेशीत शिरून कोणती प्रथिनं बनायची हे बदलतं. तो परिणाम १२ ते ३६ तास राहतो.