अ‍ॅल्युमिनियमच्या सळईच्या तापमानाचं मॉडेल १ सेंमी जाळी आणि १ सेकंदाच्या पायरीने चालवताना आकडे फुटतात (बेसुमार वाढत जातात), हीटर सांभाळणारा पीआयडी कंट्रोलर चुकलाय का?

बहुधा नाही. हीटर बंद ठेवा, सुरुवातीला फक्त एक टोक गरम धरा आणि मॉडेल चालवा. तरीही फुटलं, तर दोष कालपायरीचा, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका वेळ पुढे सरकतं त्याचा.

एक्सप्लिसिट पद्धतीत, म्हणजे पुढचं तापमान थेट आधीच्या तापमानांवरून काढताना, (विसरणांक × कालपायरी ÷ अंतराचा वर्ग) ०.५ च्या वर जाता कामा नये. विसरणांक म्हणजे पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, अंतर म्हणजे जाळीच्या शेजारच्या बिंदूंमधलं. अ‍ॅल्युमिनियमचा विसरणांक सुमारे ०.९७ चौ. सेंमी प्रतिसेकंद, १ सेंमी जाळीला मर्यादा ०.५१ सेकंद. तुमची १ सेकंदाची पायरी जवळपास दुप्पट आहे. जाळी अर्धा सेंमी केलीत तर मर्यादा चौपट घसरून ०.१३ वर येते, आणि फसगत नेमकी इथेच होते.

सरळ बॅकवर्ड ऑयलर ही इम्प्लिसिट पद्धत घ्या, तिला ही मर्यादा नाही. क्रँक-निकल्सन ही दुसरी इम्प्लिसिट पद्धत अधिक अचूक, पण हीटर एकदम चालू-बंद झाला की मोठ्या पायरीवर खोटी आंदोलनं दाखवते. पीआयडीतला डेरिव्हेटिव्ह भाग (तापमान बदलण्याच्या वेगाला प्रतिसाद देणारा) ती खरी मानून हीटरला झटके देतो.